वरचे दोन दात

माझ्या नवऱ्याचा उजवा डोळा वरचे दोन दात काढल्यामुळे गेला, हे नारायण पेठेत आता सगळ्यांना ठाऊक आहे. भाजीवालीला ठाऊक आहे, पिठाच्या गिरणीत ठाऊक आहे, नणंदेच्या भजनी मंडळात तर बहुधा अभंगाच्या आधी सांगतात. खोटी काय ती मी एकटी. म्हणून झालं ते एकदा लिहून टाकते. कोणाला पटवायला नाही, पटवायचा नाद मी केव्हाच सोडला.

आम्ही वारज्यात राहतो. यांच्या निवृत्तीनंतर इथे फ्लॅट घेतला. यांची थोरली बहीण मात्र नारायण पेठेतच, जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर एकटी असते. मी त्यांना वन्सं म्हणते. हल्ली असं कोणी म्हणत नाही, सगळ्या ताई म्हणून मोकळ्या होतात. मी म्हणते, कारण त्या शब्दात थोडं अंतर राहतं आणि ते मला हवं आहे.

यांना साखर पन्नाशीतच निघाली होती. गोळ्या चालू, सकाळचं फिरणं चालू, सगळं बरं चाललं होतं. मग मध्येच ती चढायला लागली आणि काही केल्या उतरेना. गोळ्या वाढवल्या, बदलल्या, इन्सुलिनची भीती घालून झाली. त्याच सुमाराला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "एवढ्या साखरेवर मी ऑपरेशन करणार नाही. ती खाली आणा. आणि लवकर आणा, कारण साखरेने डोळ्याच्या आतला पडदा खराब झाला, तर मग मोतीबिंदू काढूनही दिसायचं नाही."

हे म्हणजे वाचणारा माणूस. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात आयुष्य गेलं, केसाएवढी चूक लांबून दिसायची. सकाळचा पेपर पहिल्या पानापासून जाहीर नोटिशींपर्यंत वाचायचा, चुकलेल्या शब्दाला लाल पेनने गोल करायचा आणि संपादकाला पत्र टाकायचं. 'आपल्या दैनिकाने आज पुन्हा शुद्धलेखनास सुट्टी दिलेली दिसते.' एवढाच या माणसाचा आनंद. गाणं नाही, पत्ते नाहीत, आणि मित्र असल्या स्वभावाला किती उरणार! डोळे गेले तर हे दिवसभर काय करणार, हा विचार माझा पिच्छा सोडेना. यांचाही सोडत नसणार. पण ते बोलून दाखवणं यांच्या घराण्यात बसत नाही.

साखरेचे डॉक्टर भले गृहस्थ. दर वेळी तळपाय बघायचे, बीपी बघायचे आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे. "वहिनी, गोड बंद आहे ना नक्की?" अहो, मी काय घरात श्रीखंडाचं दुकान काढलंय? चहात साखर नाही, भात वाटीभर, रोज ज्वारीची भाकरी आणि गाजर-काकडी. सगळी नोकरी मी पाणीपट्टीच्या खिडकीमागे काढली. 'मीटर बंदच होतं हो बाई' म्हणणारे शेकड्याने पाहिले, खोटं बोलणारा मला आवाजावरून कळतो. आणि इथे माझीच उलटतपासणी! हे शेजारच्याच खुर्चीत. एका शब्दाने म्हणाले नाहीत की हिची काही चूक नाही.

वन्सं तर तोंडावर बोलायच्या. एकदा म्हणाल्या, "तुझा हात पहिल्यापासून सढळ, साखर घालताना थांबत नसेल." त्याच बैठकीत दुसरं वाक्य, "माझा भाऊ किती सुकलाय बघ, पोटभर घालत जा गं त्याला." आता दोन्ही एकदम कसं जमवायचं ते त्यांनीच सांगावं. गोडही चारते आणि उपाशीही मारते, असं त्यांचं म्हणणं. मग दर गुरुवारी भाऊ त्यांच्याकडे जेवायला. गुरगुट्या भात, वर तुपाची धार, मेतकूट, शेवटी साखर घालून सायीचं दूध. "माझ्याकडे बघ कसा जेवतो!" जेवेल नाही तर काय. तिथे काही चावावं लागत नव्हतं.

हे चावण्याचं मला नंतर कळलं, आणि कळलं तेही जास्वंदीमुळे. गॅलरीतली कुंडी उकरायला घेतली, तर मातीत भाकरीचे तुकडे आणि गाजराचे काप. नीट पुरलेले, एका ओळीत. ड्रॉइंग ऑफिसचा माणूस!

"हे काय आहे?" मी विचारलं.

"कावळ्यांना."

"कावळे माती उकरून खातात वाटतं?"

यांनी पेपर वर केला. पेपर वर गेला की कचेरी बंद. नंतर कपाटात स्वेटरांच्या मागे बिस्किटांचे पुडे सापडले. मी भाजीला बाहेर पडले की हे चहात बिस्किटं बुडवून पोट भरायचे. मी फार भांडले त्या दिवशी. पण भाकरी का नको, ते काही सांगेनात. भूक नाही म्हणाले. तोंडाला वास येतो म्हटलं, तर ॲसिडिटी म्हणाले. चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोशी हा माणूस ॲसिडिटीच्या आड लपून बोलत होता.

मग गाल सुजला. नेमका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायच्या दिवशी. त्यांनी डोळा बघता बघता बॅटरी खाली आणली आणि म्हणाले, "तोंड उघडा." इतके डॉक्टर झाले, इतक्या तपासण्या झाल्या, पण यांना तोंड उघडा म्हणणारा हा पहिला, आणि तो डोळ्यांचा! पायाचा माणूस पाय बघत होता, रक्ताचा रक्त बघत होता. तोंड कोणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. डॉक्टरांनी आत पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "इथे पू झालाय. हा असताना मी डोळ्याला हात लावणार नाही. तुमची साखर उतरत नाही त्याचं मूळही कदाचित इथेच असेल. आधी दातांच्या डॉक्टरकडे जा."

आमच्याच बिल्डिंगखाली एका मुलीचा दातांचा दवाखाना आहे. यवतमाळकडची मुलगी, शिकायला इथे आली आणि इथेच राहिली. तिने आरशाने सगळं तोंड बघितलं. "काका, रक्त कधीपासून येऊन राहिलं?"

"अधूनमधून," हे म्हणाले.

"ब्रश करता ना?"

यांनी माझ्याकडे बघितलं. मग एकेक बाहेर आलं. ब्रशने रक्त येतं म्हणून ब्रश केव्हाच बंद केला होता. त्याऐवजी बोटाने मंजन. तेही वन्संनी घरी केलेलं, तुरटी, लवंग, कापूर आणि बदामाच्या टरफलांची राख. भावाला त्या डबी भरभरून द्यायच्या. माझ्या घरात, माझ्या बेसिनवर हे चाललं होतं, आणि ब्रश मला वापरलेला दिसावा म्हणून हे तो रोज सकाळी ओला करून ठेवत होते.

"रक्त येतं म्हणजे हिरडी आजारी आहे," ती म्हणाली. "घासणं सोडलं म्हणून ती अजून सडली. आणि हे बघा, साखर जास्त असली की हिरडीतला संसर्ग बरा होत नाही. आणि संसर्ग असला की साखर खाली येत नाही. दोन्ही एकमेकांना धरून आहेत. तुम्ही वरून गोळ्या खाऊन राहिले आणि आत रोज नवा पू तयार होऊन राहिला. साखरेचं हेच एक कारण आहे असं मी म्हणत नाही. पण हे साफ केल्याशिवाय ती उतरणं कठीण आहे." उजवीकडचे वरचे दोन दात हलत होते. ते काढायचे, बाकीच्या हिरड्या साफ करायच्या, त्या वाचतील म्हणाली.

हे "बरं" म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. आणि खुर्चीतून उतरता उतरता म्हणतात कसे, "ताईला एकदा विचारून घेतो."

संपादकांना धारेवर धरणारा माणूस! साठी उलटलेला! ताईला विचारून घेतो!

ताईने फोनवर निकाल दिला. "वरचा? अजिबात काढायचा नाही. वरच्या दाताची शीर थेट डोळ्याला जाते. आपल्या काकांचा डोळा कशाने गेला, विसरलास? खालचा असता तर गोष्ट वेगळी." मी हे लहानपणापासून ऐकत आले आहे. ऑफिसात ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, इंजिनियर झालेल्या माणसांकडून ऐकलं. खालच्या दवाखान्यातल्या मुलीला सांगितलं तर ती हसलीसुद्धा नाही. "रोज ऐकून राहिले मी हे, काकू. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. दात काढल्याने डोळा जात नाही." हे मी वन्संना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "कोण, ती 'करून राहिले' म्हणणारी? आधी धड बोलायला शिक म्हणावं." हे त्यावर हसले. मराठी शुद्ध असलं की हिरड्याही आपोआप शुद्ध होतात, असं या भावंडांना खरंच वाटत असावं.

मी काय काय केलं नाही! डोळे वाचावेत म्हणून तुम्ही दात ठेवताय. दात ठेवला म्हणून पू, पू आहे म्हणून साखर, साखर आहे म्हणून ऑपरेशन नाही, आणि ऑपरेशन नाही म्हणून तेच डोळे चाललेत. हे शांतपणे सांगितलं, ओरडून सांगितलं, भांडी आपटून सांगितलं. गोळ्यांनी गालाची सूज उतरली, तेव्हा यांनी मला आरशापुढे उभं राहून दाखवली. "बघ, गेली की नाही?" मग तिळाच्या तेलाच्या गुळण्या सुरू झाल्या, लवंगेचं तेल आलं, मंजनाची डबी दुप्पट मोठी झाली. पावसाळा गेला, दिवाळी गेली. पेपर डोळ्यांच्या जवळ जवळ येत चालला. लाल गोल आता भलत्याच शब्दांना व्हायला लागले, चांगल्या शब्दांना. मी ते पेपर रद्दीत खाली घालून ठेवायचे, कोणाला दिसू नयेत म्हणून.

थंडीत साताऱ्याला लग्न होतं. वन्सं तिकडेच राहिल्या, हे एकटे एसटीने परतले आणि स्वारगेटला उतरले. दुपार उलटून गेली तरी घरी नाहीत. मग फोन आला.

"मी हडपसरला आहे."

"हडपसरला? वारज्याच्या पार उलट्या टोकाला? तिकडे कोण आहे आपलं?"

"बस चुकली."

"चुकली म्हणजे? पाटी नाही का वाचली?"

हे म्हणाले, "दिसली नाही गं."

कोणाला विचारलं का नाही, हे मी विचारलं नाही. पुण्यात जन्म काढलेला माणूस पुण्यात बस विचारेल होय! मी रिक्षाने गेले. हे स्टॉपच्या कट्ट्यावर बॅग मांडीवर घेऊन बसले होते. मी अगदी समोर जाऊन उभी राहीपर्यंत यांनी मला ओळखलं नाही. रिक्षात सांगितलं, उजव्या डोळ्यापुढे काही दिवसांपासून काळे धागे तरंगताहेत. 'काही दिवसांपासून' ऐकून मला हात उगारावासा वाटला. खरंच वाटला. पण मी यांचा हात धरून ठेवला.

डोळ्याच्या आत, पडद्यावर रक्त उतरलं होतं. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली आणि पहिला प्रश्न विचारला, "दातांचं काय केलंत?" दात होते तिथेच होते.

त्यानंतर हे स्वतःहून खाली गेले आणि खुर्चीत बसले. ताईला विचारलं नाही. दात निघायला काही वेळच लागला नाही, नुसते अडकून राहिले होते. ट्रेमध्ये पडले तेव्हा सुटलेला वास अजून माझ्या नाकात आहे. तो वास हा माणूस तोंडात घेऊन दोन वर्षं जेवला, झोपला, शुद्धलेखनावर बोलला. पुढे हिरड्या साफ करायला फेऱ्या झाल्या. ती मुलगी यांच्या हातात ब्रश देऊन बालवाडीतल्यासारखं शिकवायची, असा धरा, असा फिरवा. हे मान हलवायचे. मला रडूही यायचं आणि चीडही यायची. एवढंच करायचं होतं हो, एवढंच.

पुढच्या तपासणीला साखर खाली, त्याच्या पुढच्या वेळी आणखी खाली. स्वयंपाक तोच, भाकरी तीच, फक्त आता कुंडीऐवजी पोटात जात होती. आणि साखरेचे डॉक्टर मला म्हणतात, "वा वहिनी! आता खरं मनावर घेतलंत!" मी त्यांना काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. हे घरी येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, तेवढीच शांतता.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली आणि यांनी समोरच्या भिंतीवरच्या पाटीतली चूक दाखवली. मी तिथेच हुंदका दिला. मग उजव्याचं. मोतीबिंदू निघाला, पण दिसेना. उजेड-अंधार तेवढा कळतो. डॉक्टरांनी आम्हाला दोघांना समोर बसवून सांगितलं, "पडदा आधीच गेला होता. रक्त उतरायच्या आधी, साखर आटोक्यात आणून आला असतात, तर हाही राहिला असता." हे ऐकत होते. यांनी मान हलवली. "कळलं," असंही म्हणाले. मी शेजारच्याच खुर्चीत होते.

वन्सं भेटायला आल्या त्या दारातूनच बोलत आल्या. "कुठला गेला? उजवा. आणि दात कुठले काढले? उजवे, वरचे. मी काय म्हटलं होतं?" पुढचं पेठेला माहीत आहे. मला दुःख त्यांचं नाही. त्यांच्याकडून मी कधी काही मागितलंच नव्हतं. मला वाटायचं, हे एकदा तरी म्हणतील की, ताई, तसं नाहीये ते. पट्टी आहे म्हणून बोलत नसतील, थकलेत म्हणून बोलत नसतील, अशी मी माझी समजूत घालत राहिले.

गेल्या महिन्यात वन्सं आमच्याकडे आल्या. मी चहा केला, चकल्या ठेवल्या. भाजणीच्या, त्यांच्या आवडीच्या. एरवी या बाईच्या चकलीचा आवाज जिन्यात ऐकू यायचा. त्या दिवशी त्यांनी चकली चहात बुडवली. बोलताना पदर सारखा तोंडावर. त्यांनाही साखर आहे, हल्ली ती उतरत नाही, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन डॉक्टरांनी पुढे ढकललंय, हे त्यांनीच आल्या आल्या सांगितलं होतं. मी जवळ गेले, आणि तो वास आला. तोच.

"वन्सं, कुठला दात दुखतोय?"

"दुखत कुठे? जरा ठणकतो इतकंच. वरचा आहे."

मी हात पुसले. "चला. चप्पल घाला. ती मुलगी खालीच बसली आहे."

प्रेमाने नाही म्हटलं. मला त्या बाईवर प्रेम करता येत नाही, ते ढोंग मी या वयात सुरू करणार नाही. पण हा सगळा रस्ता मी एकदा चालले होते, हडपसरपर्यंत. दुश्मनाला सुद्धा मी त्या बसमध्ये चढू दिलं नसतं. वन्संच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीती दिसली, खरीखुरी. त्या उठल्यासुद्धा, अर्ध्या. आणि मग त्यांनी भावाकडे बघितलं.

हे पेपर वाचत होते, मान उजवीकडे वळवून, डाव्या डोळ्यापुढे धरून. यांनी पेपर खाली घेतला. डॉक्टर जे बोलले होते तेवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी यांच्याकडे बघत उभी राहिले. असं मी यांच्याकडे आयुष्यात कधी बघितलं नसेल.

"तू तिला कशाला भरीस घालतेस?" हे मला म्हणाले. "माझा डोळा गेला तेवढा पुरे झाला. तिचे तरी राहू देत."

वन्सं पुन्हा खाली बसल्या. त्यांनी दुसरी चकली उचलली, मऊ पडेपर्यंत चहात धरून ठेवली आणि डाव्या बाजूने चघळायला लागल्या.